बोलून घ्या जी

"कोणाले काही सांगायचं राहिलं असंल, तर आता बोलून घ्या जी."

आमच्या सिस्टर हे वाक्य अशा आवाजात म्हणायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं, भात निवून राहिला, जेवून घ्या, असंच काहीतरी सांगतायत. एक हात पेशंटच्या मनगटावर, दुसऱ्या हातानं पडदा बाजूला सारलेला, आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना मानेनंच बोलावणं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला राग आला होता. अतिदक्षता कक्षात एका वेळी एकच नातेवाईक, तोही पाच मिनिटं, असा नियम होता आणि तो मीच दारावर लावला होता.

मी डॉक्टर, साताऱ्याकडची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून गोंदियाला आले आणि इथल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात लकव्याच्या पेशंटांचा कक्ष सांभाळू लागले. सहा खाटा, दोन खिडक्या, खिडकीबाहेर एका राइस मिलची चिमणी. सिस्टर त्या कक्षात माझ्या आधीपासून होत्या. पंचावन्नच्या आसपासच्या, ठेंगण्या, चष्म्याच्या काड्यांना काळी दोरी बांधलेली. सालेकशाच्या बाजूच्या गावातल्या. इकडच्या बायांसारखं स्वतःबद्दल 'मी येतो', 'मी पाहतो' असं बोलायच्या. पहिल्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "सिस्टर, 'येते' म्हणायचं." त्या म्हणाल्या, "येतो तर मीच ना मॅडम. मग 'येते' म्हटल्यानं लवकर येईन का?"

तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कुणाला लकवा मारला असेल, त्यांना पुढचं ठाऊक असेल. मेंदूच्या नसेत गुठळी अडकली, तर साडेचार तासांच्या आत ती विरघळवणारं औषध देता येतं. आमच्याकडे त्याला सगळे नुसतं 'सुई' म्हणतात. सुई दिल्यावर कधी कधी डोळ्यांदेखत लुळा हात वर येतो, वाकडं तोंड सरळ होतं. पण त्यानंतरचा एक दिवस फसवा असतो. सुधारलेला माणूस काही तासांत पुन्हा ढासळू शकतो. उघडलेली नस परत बंद होते, किंवा मेंदूत रक्त उतरतं, आणि कधी कधी कारण हाती लागतच नाही. नागपूरला तार घालून गुठळी ओढून काढायची सोय आहे. पण गोंदियाहून नागपूर गाडीनं साडेतीन तास. माणूस ढासळल्यावर निघाला तर फार उशीर होतो. ढासळण्याआधी निघायला हवं, आणि त्यासाठी कोण ढासळणार हे आधी ओळखायला हवं.

मी त्यासाठी एक कागद तयार केला होता. वय, साखर, बीपी, लकव्याची तीव्रता, सुईला झालेला उशीर, असे रकाने. त्यांची बेरीज करून धोका कमी की जास्त ते ठरवायचं. सिस्टर तो कागद मन लावून भरायच्या. भरून झाला की पेन कानामागे खोचून पेशंटच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या.

सुई दिल्यावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पेशंटला तपासावं लागतं. हात उचला, पाय उचला, ही चित्रं पाहून नावं सांगा. चित्रांचं एक छापील कार्ड होतं, परदेशातलं. त्यात दोन झाडांना बांधलेली एक झोळी होती आणि एक काटेरी निवडुंग. सिस्टरांनी ते कार्ड माझ्यासमोर धरलं आणि झोळीवर बोट ठेवलं. "हे काय आहे, मलेच समजत नाही. बाबाले लकवा मारल्यावर कुठून समजंल?" तेव्हापासून त्यांच्या एप्रनच्या खिशात चावी, कंगवा, बिडी, कैची आणि धानाची लोंबी असायची. लोंबी दाखवली की म्हातारे नुसतं 'धान' म्हणून थांबत नसत, धानाची जातही सांगत. जात सांगितली की सिस्टर माझ्याकडे वळून हलकेच मान हलवायच्या.

त्या पेशंटशी त्याच्या घरच्या बोलीत बोलायच्या. पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, बाजारातली हिंदी, काहीही. एकदा एक पोवार शेतकरी सुई दिल्यानंतर चांगला सुधारला होता. माझ्या प्रश्नांना मराठीतून नीट उत्तरं देत होता. त्याची बायको आत येऊन पोवारीत काही विचारून गेली. थोड्या वेळानं सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या.

"मॅडम, मले हा बरा नाही दिसून राहिला."

"का? सगळी उत्तरं बरोबर देतोय."

"बायकोसंगं मराठीत बोलून राहिला. तिनं पोवारीत विचारलं, यानं मराठीत सांगितलं. घरच्या बाईसंगं असं कोणी बोलते का?"

मी हसले. पाऊण तासानं त्या माणसाचं बोलणं पूर्ण गेलं. आम्ही त्याला नागपूरला पाठवलं. सिस्टरांनी सांगितलं तेव्हाच पाठवला असता, तर कदाचित तो पुन्हा बोललाही असता.

त्या काही चेटूक करत नव्हत्या. मी नंतर कितीदा तरी बारकाईनं पाहिलं आहे. त्या आधीच्या खेपेची आताच्या खेपेशी तुलना करत असत, एवढंच. मघाशी हात दाबला तेव्हा अंगठा आधी मिटला होता, आता शेवटी मिटला. मघाशी पाण्याचा घोट घेऊन बोलला, आता बोलून मग गिळतोय. आम्ही डॉक्टर ठरावीक वेळी खाटेशी जात होतो. त्या तिथेच उभ्या असत.

आणि एखाद्याचं लक्षण बरं दिसेना, की आधी मला हाक, मग बीपी, साखर, सगळं आपल्या हातानं. ते झालं की पडदा बाजूला करून बाहेरच्यांना ते वाक्य. मी रागावले की म्हणायच्या, "बीपी पाहूनच बोलावतो मी. जास्त असलं तर नाही बोलावत."

कधी त्यांचा अंदाज चुकायचाही. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारा एक माणूस होता. सिस्टरांना त्याचं काही ठीक दिसेना. त्यांनी त्याच्या भावाला आत घेतलं आणि बोलून घ्या म्हणाल्या. पेशंटची समजूत झाली, की आपण आता जाणार. त्यानं भावाचा हात धरला आणि कबूल केलं, की वीस वर्षांपूर्वी दोघांच्या धानाच्या बांध्यांमधला धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, त्यानंच एका उन्हाळ्यात सरकवला होता, आणि धुऱ्यावरचा आंबा खरं तर भावाचा. भाऊ रडला, तोही रडला. आणि त्यानंतर त्याला काहीही झालं नाही. सहाव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी जिना उतरून घरी गेला. जाताना सिस्टरांना म्हणाला, "बाई, तुमी मले फसवलं."

सिस्टर म्हणाल्या, "मग परत लकवा येऊ द्या, खोटं होतं म्हणून सांगा."

हे सगळं त्या का करतात, हे मी त्यांना एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी विचारलं. त्यांनी वांग्याची भाजी माझ्या झाकणात वाढली आणि जेवता जेवता सांगितलं.

त्यांचे यजमान रेल्वेत होते, गोंदिया जंक्शनवर गाड्यांचे रूळ जुळवायच्या कामावर. एका सकाळी कामावरच कोसळले. तेव्हा सिस्टर दुसऱ्या एका दवाखान्यात होत्या. तिथेच यजमानांना आणून सुई दिली, आणि तासाभरात ते बोलू लागले.

"माह्याकडं पाहून म्हणाले, 'आयक ना, तुले एक सांगायचं होतं.' मी म्हटलं, चूप राहा जी. डॉक्टरनं बोलू नको म्हटलं आहे. उद्या सांगजा."

त्या भाकरीचा तुकडा मोडत होत्या.

"मी सिस्टर ना मॅडम. मले नियम मालूम होता. त्यायनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मी चूप केलं. मग पुन्हा झटका आला. त्यानंतर आठ महिने होते घरी. एक अक्षर नाही बोलले. माह्याकडं पाहत राहायचे."

त्यांनी तो तुकडा भाजीला लावला.

"असंल काही साधंच. गॅसचा नंबर लावला का, असं. पण मले मालूम तर नाही ना."

डबा धुऊन त्या कामाला लागल्या. पुन्हा तो विषय आमच्यात निघाला नाही. मीही दारावरचा नियम काढला नाही, पण त्या पडदा सारायच्या तेव्हा दुसरीकडे बघू लागले.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे, तो सांगते.

सकाळी साडेदहाच्या सुमारास शहराच्या कडेच्या वस्तीतली एक बिडी वळणारी बाई आणली. पन्नाशीची. नवरा नव्हता. शेजारणींनी ऑटोत घातली होती, मागोमाग तिचा दीर आला. एकुलता एक मुलगा हैदराबादला इमारतींमध्ये टाइल्स बसवायच्या कामावर. उजवी बाजू लुळी, तोंडातून नुसते आवाज. तासाभरातच पोचली होती. स्कॅन झाला, सुई दिली. अर्ध्या तासात तिचा हात वर आला आणि तिनं पाणी मागितलं. अशा वेळी डॉक्टरला काय वाटतं ते मी इथे लिहीत नाही. मी कागद भरला. धोका कमी.

सिस्टरांनी खिशातल्या वस्तू दाखवल्या. चावी, कंगवा, बिडी, कैची. बाईनं सगळ्यांची नावं सांगितली. पंधरा मिनिटांनी पुन्हा सांगितली. तिसऱ्या खेपेला कैचीपाशी अडखळली. "ते... पान कापाचं," म्हणाली. मग "कैची."

सिस्टर माझ्याकडे आल्या. "मॅडम, हिले नागपूरले पाठवा. आताच."

"सिस्टर, ती सुधारतेय. बीपी चांगलं आहे, साखर चांगली आहे."

"जलमभर हिच्या हातात कैची आहे. ही आपलं नाव विसरंल पण कैची नाही विसरणार."

"थकली असेल. तासभर बघू. वाटेत काही झालं तर ॲम्ब्युलन्समध्ये कोण आहे?"

"आता पाठवली तर वाटेत काही होईल, न होईल. मागून पाठवली तर होऊनच जाईल."

मी म्हटलं, तासभर बघू. मला ते बरोबर वाटत होतं. आजही कुणी नुसता तो कागद पाहिला, तर माझं चूक होतं असं म्हणणार नाही.

सिस्टर खाटेकडे गेल्या. बीपी घेतलं. मग दिराकडून मुलाचा नंबर घेऊन आपल्या मोबाइलवरून फोन लावला आणि मोबाइल बाईच्या कानाशी धरला. मी टेबलावरून पाहिलं. बाई बोलू लागली, डोळे मिटून, हळूहळू. मी म्हटलं, "सिस्टर, फोन ठेवा. पेशंटला बोलायला लावू नका."

"दोन मिनिटं, मॅडम."

मी स्पष्ट थांबा म्हटल्यावर त्या थांबल्या नाहीत, असं इतक्या वर्षांत ते एकदाच झालं.

फोन संपला. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी बाईचा उजवा हात खाटेवरून खाली घसरला. पुन्हा स्कॅन केला. रक्तस्राव नव्हता, नस परत बंद झाली होती. ॲम्ब्युलन्स निघाली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. नागपूरला त्यांनी प्रयत्न केला. चौथ्या दिवशी ती गेली.

दिरानं तक्रार केली. सुधारलेल्या बाईला सिस्टरनं जबरदस्तीनं फोनवर बोलायला लावलं, त्या ताणानं पुन्हा लकवा आला, असं त्यानं लिहिलं. त्याचाही दोष नव्हता. त्यानं जे पाहिलं होतं ते तेवढंच होतं. ट्रस्टनं चौकशी बसवली आणि मला लेखी विचारलं, फोनवर बोलण्यामुळे प्रकृती बिघडली असणं शक्य आहे का?

मी लिहिलं, "याबाबत निश्चित काही सांगता येत नाही."

हे वाक्य खोटं नाही. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे. पण त्याच्या खाली मोकळी जागा होती. तिथे मला लिहिता आलं असतं, की फोनच्या आधी सिस्टरांनी पेशंट ढासळणार हे ओळखलं होतं, तिला नागपूरला पाठवा असं मला सांगितलं होतं, आणि मी थांबवलं होतं. मला कुणी ते विचारलं नव्हतं. मी सही केली.

सिस्टरांना डोळ्यांच्या विभागात पाठवलं. निवृत्तीला एक वर्ष होतं. मोतीबिंदूवाल्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायचं काम. कॉरिडॉरमध्ये भेटल्या की विचारायच्या, "बरं आहे ना मॅडम?" मी म्हणायचे, "बरं आहे सिस्टर." आणि घड्याळाकडे बघायचे. मी त्या कागदात एक नवा रकाना घातला होता, रोजच्या वापरातल्या वस्तूचं नाव सांगायला मागच्या खेपेपेक्षा जास्त वेळ लागला का, असा. नव्या नर्सेसना वाटायचं, मॅडमनी शोधून काढलं. मीही तसं वाटू दिलं.

निवृत्तीचा निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. मी दोन शब्द बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एक तिशीतला माणूस दवाखान्यात आला. हाताच्या नखांत सिमेंट. त्या बिडीवाल्या बाईचा मुलगा. त्याला फोन लावणारी सिस्टर भेटायला हवी होती.

"काकानं तक्रार केली होती, ते मले लय मागून समजलं," तो म्हणाला. "मी असतो तर करू नसती देल्ली."

सिस्टर आता इथे नाहीत, असं मी सांगितलं. तो खुर्चीवर बसून राहिला. मग त्यानं मोबाइल काढला. त्याच्या मोबाइलमध्ये येणारे-जाणारे सगळे फोन आपोआप रेकॉर्ड होत असत. "आयकता का?" असं त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता लावलं.

आधी सिस्टरांचा आवाज. "तुही माय बोलते, आयक." मग त्या बाईचा. हैदराबादेत थंडी पडली का, असं तिनं विचारलं. तो नाही म्हणाला. मग ते स्वेटर इकडेच राहू दे, म्हणाली. खोलीतले बाकीचे पोरं चांगले आहेत का, विचारलं. मग थोडं अडखळत, "माही फिकीर नको करजो. कामावर जाय." आणि या सगळ्याच्या मध्येच, जरा लांबून, एक तिसरा आवाज, चढलेला, बाहेरगावच्या मराठीतला. "सिस्टर, फोन ठेवा. पेशंटला बोलायला लावू नका."

त्या मुलाला तो आवाज माझा आहे हे कळलं का, मला माहीत नाही. त्यानं मोबाइल खिशात ठेवला. "रोज आयकतो," म्हणाला.

तो आपल्या आईचा आवाज ऐकायला रोज ते लावत होता, आणि रोज त्यात मी होते.

मी त्याच दिवशी ट्रस्टला पत्र लिहिलं. आधी लिहायला हवं होतं ते सगळं. पत्र फाइलला लागलं, 'नोंद घेतली' असं उत्तर आलं. मग पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी सालेकशाला गेले. मुलगा हैदराबादला परतला होता. त्यानं सिस्टरांसाठी एक साडी माझ्याकडे ठेवली होती.

मार्च संपत आला होता. सिस्टर अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मला पाहून आश्चर्य वगैरे काही नाही. "या जी मॅडम. गाडी टाइमावर आली आज," म्हणाल्या. चहा झाला. साडी मी त्यांच्या हातात दिली, कुणाची ते सांगितलं. त्यांनी घडी न मोडता मांडीवर ठेवली.

मी म्हटलं, "सिस्टर, चौकशीत मी लिहिलं नव्हतं. तुम्ही मला नागपूरचं सांगितलं होतं ते."

"मालूम आहे मले."

"कसं?"

"लिवलं असतं तर मले डोळ्यात थेंब टाकाले कायले पाठवलं असतं?"

"मग तुम्ही स्वतः का नाही सांगितलं?"

त्यांनी फुलांवर बसलेली कोंबडी हाकलली. "मी सांगितलं असतं तर तुमाले काढलं असतं. तुमी गेल्या असत्या साताऱ्याले. मग आपल्या दवाखान्यात सुई कोण देल्ली असती? माह्यासारख्या सिस्टर लय आहेत."

एवढं बोलून त्यांनाच अवघड झालं असावं, कारण त्या लगेच पुढे म्हणाल्या, "पण राग लय आला होता. खोटं नाही बोलत. महिनाभर रोज घरी येऊन तुमाले शिव्या द्याचो मी."

"अजून द्या."

"आता नाही आठवत त्या," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघीही थोड्याशा हसलो. निघताना त्यांनी मला पिशवीभर वाळलेली मोहफुलं दिली. त्यांचं काय करतात हे मला ठाऊक नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं.

ती आमची शेवटची भेट. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्यांच्या मुलीचा फोन आला. मुलगी रायपूरला असते. सकाळी छातीत दुखू लागलं, शेजारच्यांनी गाडी केली, पण सालेकशाच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच सिस्टर गेल्या. मी अंत्यविधीला जाऊ शकले नाही. त्याच सकाळी आमगावच्या एका माणसाला सुई दिली होती आणि त्याला सोडून निघणं मला जमलं नाही. तेरवीला गेले.

जेवणं आटोपली होती. मी मुलीशी बोलत छपरीत, म्हणजे इकडच्या पडवीत, बसले होते. गोंदियाहून डॉक्टरबाई आली आहे, हे कुणीतरी सांगितलं असावं. एक म्हातारी आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसून तिनं पदर सावरत दंड पुढे केला. मला कळेना. मुलगी आत गेली आणि सिस्टरांचं बीपीचं मशीन घेऊन आली, एका जुन्या उशीच्या खोळीत गुंडाळलेलं. "आई दर मंगळवारी पाहायची सगळ्यांचं," ती म्हणाली.

मी त्या म्हातारीचं बीपी घेतलं. तेवढ्यात मागे आणखी दोघी येऊन बसल्या, मग आणखी चौघी. कुणी चिखलातूनच आलेल्या, पाय तसेच. प्रत्येकीजवळ घडी घातलेला एक कागद होता, त्यावर सिस्टरांच्या अक्षरात मागच्या मंगळवारांचे आकडे. मी त्यांच्या खाली आजचा आकडा लिहीत गेले. माझं अक्षर त्या अक्षराखाली फार गिचमीड दिसत होतं. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत मी तेच करत होते.

शेवटची बाई उठली. कागदाची घडी कमरेला खोचत तिनं विचारलं, "मग आता मंगळवारी तुमी येता का बाई?"

मला हो म्हणता आलं नाही. ती छपरीतून उतरून बांध्यांकडे निघून गेली.